बोधिसत्त्वाच्या अंगावरचे दागिने

पाटण्याच्या संग्रहालयांतील कांस्यमूर्तींची छायाचित्रे मी वर्गात दाखवीत होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मुकुट, बाजूबंद, हातात कमळ. मग हा देवच की! बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण देव सोडले, ते यांच्यासाठी का?" प्रश्न रास्त होता. धम्मस्वीकारानंतर आमच्या घरांतले देव्हारे गेले. पण मूर्ती वाचायची कशी, हे आम्हाला कुणी शिकविले नाही.

गया जिल्ह्यातील कुर्किहार येथे 1930 साली दोनशेहून अधिक धातुमूर्ती जमिनीतून निघाल्या. बहुतेक पाल राजवटीतल्या. त्यांत बुद्ध आणि बोधिसत्त्व शेजारी ठेवून पाहावेत. बुद्धाच्या अंगावर सहसा चीवराखेरीज काही नसते. (मुकुटधारी बुद्धही त्या काळात घडले, पण तो स्वतंत्र विषय आहे.) बोधिसत्त्व मात्र राजपुत्रासारखा नटलेला. गृहत्यागापूर्वीचा सिद्धार्थ आठवावा. तो अजून जगात आहे, लोकांत राहून काम करतो आहे, एवढेच ते दागिने सांगतात. ओळख पटते ती मुकुटावरून. त्यात ध्यानस्थ अमिताभ बुद्धाची छोटी आकृती असेल तर अवलोकितेश्वर, स्तूप असेल तर मैत्रेय. मंजुश्रीजवळ पोथी असते, पुष्कळदा तलवारही.

हे घडे कसे? आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे लेप. आचेवर मेण वितळून वाहून जाई आणि त्या पोकळीत तांबे-कथिलाचा रस ओतला जाई. मूर्ती निवल्यावर साचा फोडायचा. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. कुर्किहारच्या कित्येक मूर्तींवर दात्यांची नावे कोरलेली आहेत, काही तर कांचीहून आलेल्यांची. तारानाथ या तिबेटी इतिहासकाराच्या 1608 सालच्या ग्रंथात धीमान आणि बितपालो या बापलेक शिल्पकारांची नावे येतात. भट्टीपुढे बसलेले बाकीचे हात बहुधा अनामिकच राहिले.

एक रूप मात्र मला अस्वस्थ करते. खसर्पण अवलोकितेश्वराचा उजवा हात वरदमुद्रेत खाली सोडलेला असतो. त्या हाताखाली सूचीमुख नावाचा प्रेत, सुईसारखे तोंड वर करून, बोटांतून झरणारे अमृत पीत असतो. करुणेचे हे चिन्ह भाविकाला हेलावून टाकील. मी त्या तहानलेल्याच्या बाजूने पाहतो. वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेऊन पिणे म्हणजे काय, हे माझ्या आजीला पुरते ठाऊक होते. 1927 साली महाडला माणसे चवदार तळ्यावर गेली, ती ओंजळ पुढे करायला गेली नव्हती.

बाबासाहेबांना आपण बोधिसत्त्व म्हणतो. संसदेच्या आवारात 1967 साली उभारलेला त्यांचा पुतळाही कांस्याचाच. डाव्या हातात संविधान. म्हणजे मंजुश्रीची पोथी इथे आहे असे म्हणता येईल. दागिन्यांच्या जागी कोट आहे, आणि जगात राहून काम करणाऱ्याचा वेष म्हणून तो तितकाच बोलका आहे. उजवा हात मात्र वरदमुद्रेत नाही. तो उचललेला आहे, बोट पुढे रोखलेले आहे. गावोगावच्या पुतळ्यांत कधी ते बोट आखडते, कधी पुस्तक वहीएवढे होते. पुतळा समितीत बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी वर्गणी मोजण्याआधी मूर्तिकाराशी या दोन गोष्टींवर बोलून घ्यावे.