हरणाचा हंगाम आणि भिंतीवरची शिंगे

आमच्या बासरच्या घरी वसंत पंचमीला दुपारची पंगत उठली की ओसरीवर सतरंजी अंथरली जायची. सकाळी देवीचे दर्शन आणि कुणाच्या तरी नातवाचा अक्षराभ्यास, मग पुरणपोळीचे जेवण, आणि त्यानंतर वडिलांच्या मित्रांच्या गप्पा. मुधोळ, भैंसा, धर्माबाद, निजामाबाद अशा गावांहून पाच-सहाजण न चुकता यायचे. वडील शाळामास्तर. त्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नाही, पण मित्र सगळे शिकारी. देवीच्या गावात, त्या दिवशी, सात्त्विक जेवण करून ही मंडळी संध्याकाळपर्यंत फक्त हरणांविषयी बोलत. यंदा कोण कुठे गेले, कळप कुठे दिसला, कुणाचा नेम चुकला, कुणाचे काडतूस ऐन वेळी फुसके निघाले. आई म्हणायची, "वर्षभराचा हिशेब चाललाय." मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, म्हणजे साधारण १९६८-६९ ची गोष्ट. चहाचे ताट फिरवत सगळे ऐकायचो.

त्या मंडळींपैकी शेवटचे काका गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेले. शहाऐंशी वर्षांचे होते. वसंत पंचमीला त्यांचा मुलगा भेटला आणि हळूच म्हणाला, "दादा, बाबांच्या खोलीत काळविटाची शिंगं आहेत भिंतीवर. काय करू? एकजण म्हणतो नदीत सोडून दे, दुसरा म्हणतो विकत घेतो." मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. वारसाहक्काचे नाव निघाले की माझे पहिले दोन प्रश्न ठरलेले: कागद आहे का, आणि किती दिवस झाले?

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहे. आपल्या मंडळाच्या अनेक जुन्या घरांत अशी शिंगे आहेत हे मला माहीत आहे. पण आधी तो हंगाम काय होता आणि तो का संपला, हे सांगतो. मुलांना ते ठाऊक नाही.

हंगाम म्हणजे काय?

आपला मुधोळ तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत मुधोळ, भैंसा, कुभीर हा भाग आदिलाबादला जोडला गेला (२०१६ पासून आपण निर्मल जिल्ह्यात आलो). सीमा बदलली, पण माणसे आणि त्यांच्या सवयी त्याच राहिल्या. त्यातलीच एक म्हणजे दसऱ्यानंतर सुरू होऊन होळीच्या आसपास संपणारी शिकार. पावसाळ्यात चिखल असतो, गवत वाढलेले असते, जनावर दिसत नाही. पिके निघाली की माळ मोकळा होतो आणि कळप उघड्यावर येतात. हंगाम असा निसर्गानेच आखून दिलेला होता.

आपल्या माळावरचे हरीण म्हणजे मुख्यतः काळवीट. शास्त्राप्रमाणे ते हरीण नव्हे, कुरंग वर्गातले. फरक सोपा आहे. चितळ, सांबर यांची शिंगे फाटे फुटलेली असतात, दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात. काळविटाची पिळदार शिंगे एकदा आली की जन्मभर राहतात, आणि ती साधारणपणे नरालाच असतात. नर वयात आला की त्याची पाठ काळी होते, मादी तांबूस राहते. एका वेळी बहुधा एकच पाडस होते. पळण्यात त्याला तोड नाही, ताशी ८० किलोमीटरपर्यंत जाते. म्हणूनच राजेरजवाडे त्याच्यामागे माणसाळवलेले चित्ते सोडत. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात ही शिकार प्रसिद्ध होती आणि चित्तेखाना हे नाव तिथे अजून आहे.

आमच्या काकांकडे चित्ता कुठला! ते बैलगाडीने जात. काळवीट माणूस पाहिला की पळते, पण गाडीची आणि बैलांची त्याला सवय असते. गाडी तिरकी तिरकी नेत जवळ जायचे, मग एकजण चाकाआड उतरायचा आणि गाडी पुढे चालत राहायची. बारा बोअरची बंदूक, खिशात चार काडतुसे. दिवसभरात एक बार मिळाला तरी वसंत पंचमीला सांगायला गोष्ट तयार.

न लिहिलेले नियम

त्या गप्पांत एक गोष्ट वारंवार यायची, जिचे महत्त्व मला फार उशिरा कळले. मादीवर बार टाकायचा नाही. पाडसाला हात लावायचा नाही. पाणवठ्यावर दबा धरायचा नाही. जखमी जनावर रानात सोडून घरी यायचे नाही, मग रात्र झाली तरी चालेल. एका वर्षी भैंशाच्या एका काकांनी घाईत मादी मारली होती. त्या वसंत पंचमीला त्यांना कुणी गोष्ट सांगू दिली नाही. ते पंगतीत बसले, जेवले, पण ओसरीवर गप्प. मला त्यांची तेव्हा कीव आली होती.

हे नियम आमच्याच ओसरीचे नव्हते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी नगर भागातल्या फासेपारध्यांविषयी नोंदवले आहे की फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याची त्यांची रीत होती. ज्या समाजाला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली जन्माने गुन्हेगार ठरवले, त्याची ही रीत. त्याच नगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे लोक मुद्दलाला हात लावत नव्हते, व्याजावर भागवत होते.

मग काय बिघडले?

कायद्याने शिकार बंद केली, असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण आमच्या ओसरीवर शिकार कायद्याच्या आधीच संपत आली होती. निजामाबादच्या एका काकांनी जीप घेतली आणि तिला पुढे झोताचा दिवा बसवला. रात्री डोळ्यांवर झोत पडला की काळवीट दिपून जागच्या जागी उभे राहते. मग नर कोणता, मादी कोणती, हे कोण बघतो? पिके राखण्यासाठी म्हणून दिलेल्या बंदुकाही गावोगाव झाल्या होत्या. पहिल्या वर्षी त्या काकांनी फुशारकीने आकडा सांगितला. पुढच्या वर्षी आकडा कमी झाला. नंतरच्या वर्षी सगळ्यांच्याच गोष्टी "पूर्वी तिथे शंभराचा कळप असायचा" अशा सुरू होऊ लागल्या. हिशेबाच्या वहीत जमा थांबली होती आणि नुसता खर्च चालू होता. ओसरीवरच्या कुणालाही ते उघड म्हणवले नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तो या पार्श्वभूमीवर. गंमत अशी की मूळ कायद्यात शिकार पूर्ण बंद नव्हती. काही प्राण्यांसाठी परवाना होता, बंदीचा काळ होता, आणि वाहनातून, रात्री, झोताच्या दिव्याने किंवा पाणवठ्यावर शिकार करायला मनाई होती. काकांचे न लिहिलेले नियम आता छापून आले होते. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहे. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. आज काळवीट मारले तर किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. आपल्या तेलंगणाने तर २०१४ मध्ये चितळाला राज्यप्राणी केले. हैदराबादजवळची निजामाची शिकारीची जागा १९७५ मध्येच 'महावीर हरिण वनस्थली' झाली. जिथे बार वाजत, तिथे आता शाळेच्या सहली जातात.

आमच्या नात्यातला एक मुलगा टेक्सासला असतो. तो सांगतो, नोव्हेंबर आला की ऑफिसातली मंडळी सोमवारी कॉफी घेताना हरणाच्याच गप्पा मारतात, कुणाला काय दिसले, कुणाचा बार चुकला. मला आमची ओसरी आठवली. तिथे हंगामाच्या तारखा आणि एका माणसाने किती जनावरे मारायची, हे राज्य ठरवते. बंदुका व काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या एका कायद्याने वन्यजीवांसाठी वापरला जातो. आणि आश्चर्य म्हणजे आपले काळवीटही तिथे आहे. १९३० च्या दशकात ते तिथल्या खासगी कुरणांवर नेले गेले. परदेशी प्राणी म्हणून त्याला तिथे बंदीचा काळच नाही. "मग आपल्याकडेच का नाही?" असे तो विचारतो. माझे उत्तर असे की, तिथे मोजणी करून मग परवाने देतात. आपल्याकडे जीप आली तेव्हा कुणी मोजत नव्हते.

आता शिंगांचे

ही बाब नीट वाचा, घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

पहिले: कायदा आला तेव्हा ज्यांच्याकडे अशी शिंगे, कातडी किंवा मुंडकी होती, त्यांनी ती जाहीर करून मालकीचे प्रमाणपत्र घ्यायचे होते. राहून गेलेल्यांना १८ एप्रिल २००३ पासून १८० दिवसांची आणखी एक संधी मिळाली होती. ती मुदत केव्हाच संपली.

दुसरे: प्रमाणपत्र असलेली वस्तू विकता येत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची वस्तू असेल तर ती कुणाला भेटही देऊ नका. ती फक्त वारसाकडे जाऊ शकते. वारसाने ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तसे लेखी जाहीर करायचे असते. मृत्युपत्र, खाते, लॉकर या सगळ्यांत लोक ही मुदत विसरतात.

तिसरे: ठेवायची नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे प्रमाणपत्रधारकाला ती वस्तू स्वखुशीने सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही.

चौथे: प्रमाणपत्र नसेल तर नदीत सोडणे, पुरणे, विकणे हे मार्ग नव्हेत. वस्तू तुमच्याकडे सापडली तर ती बेकायदा नाही हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते. आधी वकिलाचा सल्ला घ्या आणि मग स्वतःहून वन खात्याकडे जा.

पाचवे: रानात गळून पडलेले चितळाचे शिंग मुलांनी हौसेने उचलून आणले, तर तेही सरकारचेच समजले जाते. ४८ तासांत कळवायचे असते.

काकांचे प्रमाणपत्र सापडले. खोलीतल्या सरस्वतीच्या तसबिरीच्या मागच्या पुठ्ठ्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले होते. त्यावर सत्तरच्या दशकातला शिक्का होता. काकांना जाऊन ७१ दिवस झाले होते, म्हणजे हातात १९ उरले होते. आम्ही दुसऱ्याच दिवशी मृत्यूचा दाखला, प्रमाणपत्राची प्रत आणि फोटो जोडून अर्ज तयार केला. मुलाने वन कार्यालयात तो दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. पोच घ्यायला विसरू नका, ही माझी जुनी सवय.

तो म्हणाला, ठेवायची की जमा करायची, ते आईला विचारून ठरवतो. काकूंनी एवढेच सांगितले, "त्यांनी ती जीप आल्यावर बंदूक खुंटीला लावली होती. शिंगं त्याआधीची आहेत, हे लिहून ठेव." मुलाने तसे लिहून तो कागद प्रमाणपत्रासोबत ठेवला.

श्रीरामसागरच्या पाण्याच्या कडेला आता पुन्हा काळविटांचे कळप दिसतात. शेतकऱ्यांना त्रास होतो हे मान्य. हरभरा उगवला की ते येतात. पण त्यावर उपाय म्हणून कुंपणात वीज सोडू नका. तिने माणसेही मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे. नुकसानीचा पंचनामा करून वन खात्याकडे अर्ज द्या. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर रविवारी संध्याकाळी मी मंडळाच्या कार्यालयात असतो. शिंगांचे जुने कागद असतील तर तेही घेऊन या. येत्या वसंत पंचमीला ओसरीवर सतरंजी अंथरणार आहे. ज्यांच्या वडिलांनी, आजोबांनी त्या गोष्टी सांगितल्या असतील, त्यांनी जरूर यावे.