आधीं घराची किल्ली

एखादा मनुष्य वर्षानुवर्षें पदपथावर राहतो. तो स्वतःशींच बोलतो. कोणी जवळ गेलें तर दूर सरतो. अशा मनुष्याला प्रथम काय द्यावें, असें विचारलें तर बहुतेक सुशिक्षित माणसें सांगतील, "प्रथम औषध द्यावें, तो बरा झाला म्हणजे मग घराचें पाहतां येईल." उत्तर समंजस वाटतें, आणि पुष्कळ शहरांचा कारभार दीर्घकाळ याच समजुतीवर चालत आला. परंतु न्यूयॉर्क शहरांत १९९२ सालीं सुरू झालेल्या एका प्रयोगानें हा क्रमच उलटा करून पाहिला.

हा प्रश्न तेथें इतका तीव्र कां झाला, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. १९५५ सालीं अमेरिकेंतील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारें साडेपांच लाख रोगी होते. पुढें नवीं औषधें निघालीं, कोंडवाड्यासारख्या इस्पितळांविरुद्ध लोकमत जागृत झालें, आणि १९६३ सालीं अध्यक्ष केनेडी यांनीं सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. हेतु स्तुत्य होता: रोग्यानें भिंतीआड न कुजतां आपल्या माणसांत राहून उपचार घ्यावे. इस्पितळें रिकामीं होत गेलीं; परंतु त्यांच्या जागीं जीं केंद्रें उभीं राहावयाचीं, तीं पुरेशीं उभीं राहिलींच नाहींत. त्यांतच, एकाकी लोक जेथें आश्रय घेत, तीं एकेका खोलीचीं स्वस्त भाड्याचीं हॉटेलेंही न्यूयॉर्कमधून झपाट्यानें नाहींशीं झालीं. उरला तो रस्ता.

या लोकांसाठीं जी व्यवस्था झाली, ती जिन्यासारखी होती. पहिली पायरी निवाऱ्याची. तेथें नीट वागल्यास दुसरी वसतिगृहाची. औषध नियमित घेतल्यास व दारू सोडल्यास तिसरी. आणि सर्वांत वर स्वतंत्र घर. नियम मोडला कीं मनुष्य पुन्हां खालीं. ज्याच्या कानांत सतत आवाज घुमतात, ज्याला शेजारच्या खाटेवरील माणूस शत्रु वाटतो, त्यानें गर्दीच्या निवाऱ्यांत शांत राहून आपली लायकी सिद्ध करावी, अशी ही अपेक्षा होती. रोगाचें लक्षण हाच येथें रोग्याचा अपराध ठरत असे.

सॅम त्सेंबेरिस हे मानसशास्त्रज्ञ अशा लोकांतच काम करीत असत. तींच तींच माणसें इस्पितळांत जातात आणि पुन्हां त्याच पदपथावर येतात, हें त्यांनीं पाहिलें. तुम्हांला काय हवें, असें या लोकांना विचारलें तर उत्तर साधें मिळे: राहावयास जागा. १९९२ सालीं त्यांनीं 'पाथवेज टु हाउसिंग' ही संस्था काढली. तिचा नियम असा कीं, घर प्रथम द्यावयाचें आणि त्याला उपचाराची अट घालावयाची नाहीं.

हें घर म्हणजे आश्रमांतील खाट नव्हे. साध्या इमारतींत, इतर बिऱ्हाडांच्या शेजारीं, भाड्याची एक स्वतंत्र जागा. तिची किल्ली भाडेकरूच्या खिशांत. आणि अमुक महिन्यांनीं निघून जावें, अशी मुदत नाहीं. त्यानें आपल्या उत्पन्नाचा, म्हणजे बहुधा सरकारी भत्त्याचा, सुमारें ३० टक्के भाग भाड्यापोटीं द्यावयाचा. बाकीचें योजनेनें भरावयाचें. शिवाय कार्यकर्त्यांच्या नियमित भेटीला त्यानें दार उघडावें. या पथकांत मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका, समाजकार्यकर्ते, तसेंच स्वतः अशा आजारांतून गेलेलीं माणसेंही असत. कोणी औषधाचें पाही, कोणी बाजारहाटास सोबत जाई, कोणी घरमालकाशीं झालेला तंटा मिटवी. भाडेकरूनें औषध नाकारलें तरी तेवढ्यावरून घर जात नसे, आणि कार्यकर्त्यांची येजाही थांबत नसे. घर आणि उपचार यांची ही फारकत, हाच योजनेचा गाभा होय.

असा मनुष्य घरांत टिकेल काय, ही शंका स्वाभाविक होती. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, पांच वर्षांनंतर पाथवेजचे ८८ टक्के भाडेकरू घरांत टिकून होते. शहराच्या जुन्या व्यवस्थेंत हें प्रमाण ४७ टक्के होतें. दुसरी शंका खर्चाची. मनुष्य रस्त्यावर राहिला म्हणजे फुकट राहतो असें नव्हे. निवारा, इस्पितळ व तुरुंग यांचें देणें कोणीतरी देतच असतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील संशोधकांनीं २००२ सालीं दाखविलें कीं, न्यूयॉर्कमध्यें अशा एका बेघर रोग्यावर वर्षाला सुमारें ४०,००० डॉलर सार्वजनिक खर्च होत असे. आधारासह घर मिळाल्यावर तो सुमारें १६,००० डॉलरनीं घटला. म्हणजे घराचा बहुतेक खर्च त्यांतूनच निघाला.

पुढें कॅनडानें या कल्पनेची मोठी परीक्षा घेतली. २००९ पासून पांच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर मनोरुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें, गट पाडण्यांत आले. शेवटच्या सहा महिन्यांत, घर प्रथम मिळालेल्यांपैकीं ६२ टक्के लोक सर्व काळ घरांत होते. नेहमींच्या व्यवस्थेवर सोंपविलेल्यांत ३१ टक्के. तथापि मर्यादाही दिसली. मनोविकाराचीं लक्षणें दोन्हींकडे जवळजवळ सारखींच कमी झालीं, आणि घर मिळूनही १६ टक्के लोक त्या सहा महिन्यांत घरांत स्थिरावले नव्हते. तात्पर्य, घर हें औषध नव्हे; परंतु औषध घ्यावयाचें, तें ठेवावयास फळी आणि झोपावयास दार लावतां येईल अशी जागा आधीं लागते.

आपल्या देशांत हा प्रश्न निराळ्या रूपानें उभा आहे. येथें पदपथावरील रोगी आहेत, तसेच बरे होऊनही न्यावयास कोणी न आल्यामुळें मनोरुग्णालयांत वर्षें काढणारेही आहेत. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १९व्या कलमानें स्पष्ट केलें आहे कीं, कुटुंब नाहीं, कुटुंब स्वीकारीत नाहीं किंवा घर नाहीं, एवढ्याच कारणास्तव कोणालाही तेथें ठेवूं नये. चेन्नईच्या 'द बॅन्यन' या १९९३ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें २०१५ पासून 'होम अगेन' या उपक्रमांत वेगळी वाट चोखाळली. इस्पितळांत दीर्घकाळ राहिलेल्या चार-पांच जणी एकत्र बिऱ्हाड करतात, साध्या वस्तींत भाड्याच्या घरांत राहतात, आणि मदतीस कार्यकर्त्या असतात. न्यूयॉर्कांतील एकट्याच्या खोलीपेक्षां हें घर निराळें. तत्त्व मात्र तेंच.

या सर्व योजनांचा शेवट एका दारापाशीं होतो. कायदा हक्क देईल, सरकार भाडें भरील; परंतु ती जागा कोणातरी घरमालकाची असते आणि तिच्या भिंतीपलीकडे कोणाचें तरी बिऱ्हाड असतें. नवा भाडेकरू कोण, हें कळल्यावर ते दोघे काय म्हणतात, यावर तो मनुष्य घरांत राहतो कीं पुन्हां पदपथावर जातो, हें पुष्कळ अंशीं ठरतें.