थंडीत लाईट जाते, मग घरच्या धंद्याला जनरेटर घ्यायचा की इन्व्हर्टर?

दिवाळी झाली की गावाकडे कांदा, गहू, हरभऱ्याचं पाणी सुरू होतं. सगळे पंप एकदम चालू, डीपीवर लोड, आणि मग एक दिवस डीपीच जळते. नेमके हेच दिवस लग्नाचे, नाताळच्या केकचे, पापड-मसाल्याच्या ऑर्डरचे. म्हणजे ऑर्डर आणि अंधार दोन्ही एकाच महिन्यात. घरातून धंदा करणारा माणूस वैतागतो आणि थेट दुकानात जाऊन विचारतो, "चांगला जनरेटर दाखवा." मी सांगेन, पंधरा दिवस थांबा.

या पंधरा दिवसांत एका वहीत लिहा: लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, आणि त्या वेळात नक्की कोणतं काम अडलं. बहुतेक लोक फक्त "रोज जाते हो" एवढंच सांगतात. पण रोज अर्धा-अर्धा तास चार वेळा जाणं वेगळं, आणि महिन्यातून एकदा सलग दोन दिवस जाणं वेगळं. दोन्हींचं औषध एक नाही.

इन्व्हर्टर म्हणजे टाकी आहे आणि जनरेटर म्हणजे विहीर. टाकी आवाज करत नाही, धूर सोडत नाही, पण संपली की भरायला लाईटच लागते. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास असते. हातात साधारण हजार-अकराशे धरा, कारण बॅटरी पूर्ण पिळायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो. परत भरायला आठ-दहा तास. डीपी जळून दोन दिवस अंधार असेल तर टाकीचा उपयोग पहिल्या संध्याकाळपुरताच.

आता उदाहरण घेऊ. समजा एक ताई निफाडला घरून केक करतात. त्यांच्याकडे डीप फ्रीझर २०० वॅट, मोठा मिक्सर ५०० वॅट, दिवे-पंखे १०० वॅट. बेरीज ८००. दुकानदार म्हणेल, "एक केव्हीए बास." बास नाही! मोटर सुरू होताना नेहमीच्या तिप्पट ते सहापट करंट ओढते, अगदी क्षणभर. फ्रीझरचा कॉम्प्रेसर आपल्या मर्जीने चालू-बंद होतो, आणि तो मिक्सर चालू असतानाच उसळला तर छोटा जनरेटर ट्रिप होणार. तिघांनाही चालवायचं तर दोन-अडीच केव्हीए लागेल. आणि पाटीवर 'मॅक्सिमम' व 'रेटेड' असे दोन आकडे असतात. मॅक्सिमम थोड्या वेळापुरता असतो. हिशेब रेटेडवर करा.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या फ्रीझरला बॅकअप लागतो का? गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणजे दोन-तीन तासांच्या लाईटसाठी फ्रीझर यादीतून काढा. ओव्हन विजेचा असेल तर गॅसवर घ्या, कारण उष्णता देणारं कुठलंही यंत्र बॅकअपवर चालवणं म्हणजे पैसे जाळणं. (आमच्या दुकानातल्या लेझर प्रिंटरचंही तेच. दिसायला लहान, पण रोलर तापताना हजार वॅटच्या आसपास खेचतो.) उरले दिवे आणि मिक्सर. मिक्सर तासातून वीस-पंचवीस मिनिटंच फिरतो, म्हणजे सरासरी ३०० वॅट. एका बॅटरीत तीन तास निघाले. फक्त इन्व्हर्टर प्युअर साईन वेव्हचा आणि मिक्सरची उसळी झेलेल असा घ्या. बॅटरी तासांसाठी मोजायची, इन्व्हर्टर उसळीसाठी.

जनरेटरचा चालू खर्चही बघा. छोटा पेट्रोल जनरेटर चांगल्या लोडवर लिटरमागे दीड-दोन युनिट देतो, कमी लोडवर त्याहून कमी. पेट्रोल शंभरच्या वर आहे. म्हणजे एक युनिट पन्नास ते सत्तर रुपयांना पडलं! तो खर्च केकच्या किमतीत बसतो का, हे तुम्ही ठरवा. सलग सहा-आठ तास लाईट जात असेल, किंवा पिठाची गिरणी, कॉम्प्रेसर असं काही असेल, तर जनरेटरला पर्याय नाही. तिथे घ्याच.

घेतलात तर पुढचं नीट वाचा. थंडीत दारं-खिडक्या लावून आपण घरात बसतो, आणि चोरीच्या भीतीने जनरेटर पडवीत नाहीतर जिन्याखाली ठेवतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस झोपतो आणि उठत नाही. खिडकी उघडी ठेवली म्हणून भागत नाही. जनरेटर उघड्यावरच, घरापासून निदान वीस फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. जागा नसेल तर इन्व्हर्टरच घ्या, यात वाटाघाट नाही.

दुसरं, प्लगला उलटी वायर लावून घरात करंट सोडणारे महाभाग मी पाहिलेत. तो करंट मीटरमधून मागे लाईनवर जातो, आणि खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे या भरवशावर काम करत असतो. चेंजओव्हर स्विच लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. मशीनच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

आवाजाचंही बघा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि उघडा जनरेटर ती सहज ओलांडतो. रात्री काम करायचं असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोला.

आणि घेताना डेमो दुकानात नको, घरी मागा. सकाळी सातला, मशीन रात्रभर बाहेर गार पडलेलं असताना. चोक ओढून दोन-तीन झटक्यांत सुरू होतं का, घरातल्या सगळ्यांना ओढता येतं का, आणि दोन मिनिटांनी तुमचाच मिक्सर भरल्या भांड्यासकट लावला तर दिवे किती मंद होतात, हे बघून मगच पैसे द्या.