गोरखचिंचेची जोपासना

गोरखचिंच हा वृक्ष मूळचा आफ्रिका खंडातील होय. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे व बोत्स्वाना या देशांत त्याचे हजार वर्षांहूनही जुने वृक्ष आढळले आहेत. व्यापारी व दर्यावर्दी यांच्या हातून तो भारतात आला आणि मांडू, वसईचा किल्ला, मुंबई अशा ठिकाणी रुजला. लोकांनी त्याचे नाव गोरक्षनाथांशी जोडले. निवृत्तिनाथांच्या समाधीमुळे पावन झालेल्या त्र्यंबकेश्वरच्या परिसरातील मुलांना हे नाव परके वाटणार नाही.

मायभूमीतच या वृक्षावर आज संकट आले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, आफ्रिकेतील सर्वांत जुन्या १३ वृक्षांपैकी ९ वृक्ष २००५ नंतर पूर्णतः वा अंशतः मृत झाले. बोत्स्वानातील एक सुप्रसिद्ध वृक्ष २०१६ मध्ये कोसळला. बदलते हवामान हे याचे कारण असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. आपल्याकडे अडचण निराळी आहे. बियांचे कवच अतिशय कठीण असते. आफ्रिकेत हत्ती व माकडे फळे खातात व त्यांच्यावाटे बिया दूरवर पसरून रुजतात. आपल्याकडे जुन्या वृक्षाखाली आपोआप उगवलेले रोप क्वचितच दिसते. म्हणून एक वृक्ष तोडला गेला की त्याची जागा घेणारा दुसरा मनुष्यानेच वाढवावा लागतो. हे कार्य शाळा सहज करू शकते.

बीज पक्व फळातूनच घ्यावे. फळावर मखमली लव असते व आत पांढरा, आंबट गर असतो. या आंबटपणामुळेच त्यास चिंच म्हणतात. गर धुऊन बिया स्वच्छ कराव्यात. उकळलेले पाणी चुलीवरून उतरवून शिक्षकांनी स्वतः बियांवर ओतावे व बिया एक दिवस त्यातच राहू द्याव्यात. फुगलेल्या बिया माती, वाळू व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात दोन सेंटिमीटर खोल पेराव्यात. रोपाचे मूळ मुळ्यासारखे जाड व खोल जाते, यास्तव उंच पिशवी घ्यावी. सर्व बिया एकाच वेळी उगवत नाहीत. काहींना कित्येक आठवडे लागतात. रोपाची पहिली पाने साधी असतात. हाताच्या बोटांसारखी पाच ते सात दले पुढे येतात. हा बदल मुलांकडून वहीत नोंदवून घ्यावा.

त्र्यंबक भागात पाऊस विपुल पडतो. पाणी साचल्यास मूळ कुजते. म्हणून रोप किंचित उंचवट्यावर, निचऱ्याच्या जागी, पावसाळ्याच्या आरंभी लावावे. पुढे बुंधा अवाढव्य होतो. इमारत, विहीर व रस्ता यांपासून भरपूर अंतर सोडावे. गुरांपासून रक्षणासाठी काटेरी कुंपण घालावे. कोरड्या ऋतूत पाने गळतात. रोप मेले असे समजून मुले ते उपटून टाकतात. तेव्हा हा त्याचा विसावा आहे, हे त्यांस आधीच समजावून सांगावे आणि त्या काळात पाणी बेताने द्यावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. हा वृक्ष पाहुणा आहे. त्याचे स्थान शाळेचे आवार होय, ब्रह्मगिरी वा अंजनेरीचे पठार नव्हे. अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जाती आढळते. २००६ साली शास्त्रज्ञांनी तिचे प्रथम वर्णन केले व अंजनेरी हेच नाव तिला दिले. अंजनेरी डोंगराला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. उघड्या गवताळ माथ्यावर वाढणाऱ्या अशा वनस्पतींवर बाहेरच्या झाडाची सावली पडू नये. पाहुण्याचा आदर आणि घरच्यांचे रक्षण ही दोन्ही कर्तव्ये मुलांच्या मनावर एकाच वेळी बिंबविता आली, तर शाळेतील एक रोपही सार्थकी लागले असे म्हणता येईल.