प्राध्यापिकेचा मोकळा वेळ जातो कुठे?

‘प्राध्यापिकांना काय, दोन तास शिकवलं की मोकळ्या!’ हे वाक्य नागपुरात आजही सहज बोललं जातं. प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, स्वावलंबी नगर हा नोकरदारांचा पट्टा. इथून रोज सकाळी डबे भरून, दुचाकी काढून कॉलेज गाठणाऱ्या मॅडमना ते किती लागत असेल!

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचं काम आठवड्याला किमान 40 तासांचं आहे. सहायक प्राध्यापकाचे 16 तास प्रत्यक्ष शिकवण्याचे. बाकी तयारी, अंतर्गत गुण, प्रवेश समित्या, नॅकच्या फायली, पदोन्नतीसाठी शोधनिबंध. नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आल्या की पारा पंचेचाळिशीकडे जात असताना पेपर तपासणी सुरू होते. लोकांना दिसते ती ‘उन्हाळ्याची सुट्टी’.

आता घराकडे पाहू. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या स्त्रीची त्या कामात रोज सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषाची 88. स्त्रीचे आठवड्याला जवळपास 34 तास झाले. स्वयंपाकाला, धुणंभांड्याला बाई आहे म्हणून हा आकडा निम्मा धरला, तरी 40 मध्ये 17 मिळवून 57 होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2021 च्या अभ्यासात आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त आढळला. त्या अभ्यासात पगारी तासच मोजले होते, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. पण पोळ्या लाटताना शरीर विश्रांती घेत नाही, हे मोजायला अभ्यास लागत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती उरलेल्या वेळेच्या तुकड्यांची. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतची दहा मिनिटं, मुलाची शिकवणी सुटेपर्यंतचा अर्धा तास. त्यातही विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘आजच माहिती पाठवा’ येतं. ताण आला की शरीर सावध होतं: नाडी वाढते, स्नायू आखडतात. काम मनातून उतरलं की ते पूर्ववत होतं. ते उतरूच दिलं नाही, तर झोप बिघडते, रक्तदाब वाढतो, मान-पाठ धरते. बऱ्याच जणी हे ‘वयाचं’ म्हणून अंगावर काढतात. म्हणून सलग तासभर, कुणाच्याही उपयोगाचा नसलेला वेळ हा उपचाराइतकाच गरजेचा आहे. गाणं, भिशीतल्या गप्पा, अंबाझरीच्या बाजूला फेरफटका, काहीही चालेल.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बायकांची अवस्था याहून बिकट. तास झाला तरच पैसे. आजारपणाची रजा त्यांनी मागायची तरी कुणाकडे?

प्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी कामाचे निरोप पाठवणं थांबवावं. त्याला शासननिर्णय लागत नाही. आणि घरातल्यांनो, मॅडम फिरायला निघाल्या की ‘येताना भाजी आण’ एवढं तरी सांगू नका.