नावाच्या गाड्या, तासाच्या गाड्या

ग्लेशियर एक्सप्रेसला ज्या हिमनदीवरून नाव मिळालं, ती हिमनदी आज त्या गाडीतून दिसत नाही. ऱ्होन नदी जिच्यातून उगम पावते ती ही हिमनदी स्वित्झर्लंडमधल्या फुर्का खिंडीजवळ आहे. १९३० साली झेरमाट आणि सेंट मॉरिट्झ या दोन गावांमध्ये ही गाडी सुरू झाली तेव्हा ती खिंडीच्या बाजूने वर चढायची आणि प्रवाशांना बसल्या जागी बर्फाचा तो प्रचंड लोट दिसायचा. हिवाळ्यात मात्र हा चढाचा रस्ता बर्फाखाली जायचा आणि वाहतूक बंद पडायची. म्हणून १९८२ मध्ये डोंगराच्या पोटातून पंधरा किलोमीटरहून लांब बोगदा काढला गेला. मार्ग बारमाही झाला आणि हिमनदी बोगद्याच्या वरच राहिली. जुना मार्ग उत्साही मंडळींनी पुन्हा उभा केला आहे आणि उन्हाळ्यात त्यावर वाफेच्या इंजिनाची गाडी धावते, पण ती वेगळी गाडी, तिचं तिकीटही वेगळं. याचा अर्थ ग्लेशियर एक्सप्रेस पाहण्यासारखी नाही असा नव्हे. वाटेत पाहण्यासारखं पुष्कळ आहे. मुद्दा एवढाच की गाडीचं नाव आणि खिडकीतून दिसणारा देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडून स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांच्या सहलीचा आराखडा मात्र बहुतेक वेळा नावांवरूनच आखला जातो.

आराखडा साधारण असा असतो. आधी चार-पाच नावं ठरतात: युंगफ्राऊ, टिटलिस, ग्लेशियर एक्सप्रेस, बर्निना एक्सप्रेस, जमलं तर मॅटरहॉर्न. मग प्रत्येक नावाजवळ एखादी रात्र, प्रत्येक रात्रीनंतर बॅगांची बांधाबांध, आणि प्रत्येक नावासाठी महिनोन्‌महिने आधी ठरवलेली तारीख. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे. या देशाने रेल्वेच्या बाबतीत जी खरी कमाल केली आहे ती एखाद्या गाडीत नसून वेळापत्रकात आहे. ते नीट समजलं तर मुक्कामाच्या दोन जागा सोडून बाकी काहीच आधी पक्कं करावं लागत नाही, आणि न करण्यातच शहाणपण आहे.

स्वित्झर्लंडचं क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर; म्हणजे आपल्या महाराष्ट्रात असे सात देश मावून वर जागा उरेल. एवढ्याशा देशात १९८२ पासून ठरावीक ठेक्याचं वेळापत्रक लागू आहे. सकाळी ८ वाजून ४ मिनिटांनी सुटणारी गाडी असेल तर ९:०४, १०:०४, ११:०४ अशी ती दिवसभर सुटत राहते. वर्दळीच्या मार्गांवर हाच ठेका अर्ध्या तासाचा असतो. पण ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी की मोठ्या जंक्शनांमध्ये चहूकडच्या गाड्या तास भरायच्या थोड्या आधी येऊन थांबतात आणि तास भरल्यावर थोड्याच वेळात सुटतात. मधल्या काही मिनिटांत प्रवासी या फलाटावरून त्या फलाटावर जातात. हे जमवायचं तर दोन जंक्शनांमधला प्रवास तासाच्या किंचित आत बसायला हवा. झ्युरिक ते बर्न हे अंतर कापायला पूर्वी तासाहून अधिक वेळ लागायचा. १९८७ मध्ये मतदारांनी सार्वमतात मंजूर केलेल्या ‘रेल्वे २०००’ योजनेत या वाटेवर नवा लोहमार्ग बांधला गेला, आणि डिसेंबर २००४ पासून गाडी ५६ मिनिटांत पोचू लागली. याहून जास्त वेग वाढवायची त्यांना हौस नव्हती. चाळीस मिनिटांत पोचून पुढच्या जोडगाडीसाठी वीस मिनिटं फलाटावर ताटकळायचं, तर त्या वेगाचा उपयोग काय? विक्रम करण्यापेक्षा जोडगाडी गाठून देणं महत्त्वाचं, हे सूत्र त्यांनी कोट्यवधी फ्रँक खर्चून पाळलं.

पर्यटकाला याचा फायदा थेट मिळतो. डोंगरातल्या गावात जाणारी पिवळी टपालबस स्टेशनाबाहेर गाडीच्या वेळेलाच उभी असते, आणि बऱ्याच ठिकाणी तलावातली बोटही याच मेळात बसवलेली असते. स्टेशनात दोन मोठे तक्ते लावलेले दिसतात. पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. आपल्याला पिवळा पाहायचा. त्यात वेळेसमोर फलाट क्रमांकही छापलेला असतो, कारण रोज तीच गाडी त्याच फलाटावर लागणार हे ठरलेलं असतं. (मोबाइलवर सगळं मिळतं हे खरं, पण हा तक्ता पाच मिनिटं उभं राहून वाचला की त्या गावातून कुठकुठे जाता येतं याचा जो अंदाज येतो तो पडद्यावर येत नाही.) तीन-चार मिनिटांची जोडगाडी पाहून आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. समजा ती चुकली. तर पुढची अर्ध्या किंवा एका तासाने आहेच.

आता त्या नावाच्या गाड्यांकडे येऊ. ग्लेशियर एक्सप्रेस २९१ किलोमीटरचं अंतर सुमारे आठ तासांत कापते. बर्निना एक्सप्रेस कूर या गावाहून निघून २,२५३ मीटर उंचीवरचं ओस्पिझिओ बर्निना स्टेशन ओलांडते आणि इटलीतल्या तिरानोला, ४२९ मीटरवर उतरते. दोन्हींना आसनाचं आरक्षण सक्तीचं, आणि रेल्वेचा पास असला तरी त्या आरक्षणाचे पैसे वेगळे. पण हे रूळ त्यांच्या एकट्यांचे नाहीत. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून, त्याच बोगद्यांतून साध्या प्रादेशिक गाड्या दिवसभर, बहुतेक टप्प्यांवर दर तासाला धावत असतात. त्यांना आरक्षण लागत नाही. छतापर्यंत चढलेल्या मोठ्या काचा त्यांना नसतात. मात्र त्यातल्या काही डब्यांच्या खिडक्या खाली सरकतात, आणि फोटो काढणाऱ्याला बंद काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबापेक्षा उघडी खिडकी केव्हाही बरी.

या मार्गाचं खरं वैभव तर कुठल्याही डब्यातून दिसतं. फिलिझूर गावाआधी लांडवासर नदीवरचा पूल लागतो: ६५ मीटर उंच, १३६ मीटर लांब, चुनखडीच्या दगडाच्या सहा कमानींचा. तो सरळ जात नाही. वळत वळत जाऊन उभ्या कड्यात शिरतो आणि तिथेच बोगदा सुरू होतो. वळणावर गाडीचा पुढचा भाग कड्यात गडप होताना मागच्या डब्यातून दिसतो, म्हणून इथे शेवटच्या डब्यात बसावं. पुढे बेरग्यून ते प्रेडा या टप्प्यात दरी चारशे मीटरहून जास्त चढते. सरळ गेलं तर हे अंतर सहा-सात किलोमीटरच आहे, पण एवढा चढ गाडीला झेपावा म्हणून रूळ वेटोळे घेत बारा किलोमीटरच्या वर लांबवला आहे. बेरग्यूनचं तेच चर्च आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग खाली दिसत राहतं. बर्निना खिंडीकडे चढ आणखी तीव्र होतो. आपल्या खंडाळ्याच्या घाटात ३७ मीटर धावेमागे एक मीटर चढ आहे आणि त्यासाठी गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. इथे १४ मीटरमागे एक मीटर चढ आहे आणि छोट्या गाड्या दातेरी रुळाशिवाय तो चढतात. १९०३ ते १९१० या काळात खुला झालेला हा सगळा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. वारसा म्हणून मान्यता रुळांना, पुलांना आणि भोवतालच्या मुलखाला मिळाली आहे, कुठल्या एका गाडीला नाही.

वेगवान गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज तर डोंगराळ देशात थेट नुकसान करतो. गोटहार्ड डोंगराखालचा ५७ किलोमीटरचा बोगदा जून २०१६ मध्ये खुला झाला. झ्युरिक किंवा लुत्सर्नहून दक्षिणेला लुगानोकडे जाणाऱ्या जलद गाड्या आता त्यातून जातात. अभियांत्रिकी म्हणून थक्क करणारी गोष्ट, पण पर्यटकाला काय मिळतं, तर वीसेक मिनिटांचा काळोख. १८८२ सालचा जुना मार्ग अजून चालू आहे. त्यावरून जाणारी गाडी तासभर जास्त घेते, पण वासन गावाजवळ वळसे घेत चढताना तिथलं पांढरं चर्च तीन वेगवेगळ्या उंचीवरून दाखवते. मोबाइलवर मार्ग शोधला की ॲप आपल्याला इमानाने बोगद्यातून पाठवतं, कारण त्याला लवकर पोचवायचं असतं. जुन्या मार्गावरचं ग्योशेनेन हे स्टेशन ‘मार्गे’ म्हणून मुद्दाम घालावं लागतं.

नावांवर आखलेल्या आराखड्याचा सगळ्यात महाग भाग शिखरांवर असतो. युंगफ्राऊयोखचं ३,४५४ मीटरवरचं स्टेशन १९१२ मध्ये सुरू झालं. आयगर आणि म्योंश या डोंगरांच्या पोटातून सुमारे सात किलोमीटर बोगदा खोदायला सोळा वर्षं लागली, आणि ज्याची ही कल्पना तो उद्योगपती आडोल्फ गुयर-त्सेलर काम पुरं व्हायच्या कितीतरी आधी, १८९९ मध्ये वारला. इंटरलाकेनहून तिथलं उन्हाळ्यातलं पूर्ण दराचं जाण्यायेण्याचं तिकीट माणशी दोनशे फ्रँकांच्या वर जातं. इतके पैसे मोजून वर गेलं आणि ढग उतरलेले असले तर समोर पांढऱ्या भिंतीखेरीज काही नसतं. वरच्या कॅमेऱ्यांची थेट चित्रं सकाळी मोबाइलवर फुकट पाहायला मिळतात. ज्याची तारीख मोकळी आहे त्याला त्यांचा उपयोग. ज्याचं तिकीट तीन महिन्यांपूर्वी काढलेलं आहे त्याला नुसती हळहळ.

म्हणून मुक्कामाच्या जागा दोनच, आणि त्या जंक्शनाजवळ. आठ दिवस असतील तर माझी पसंती थून तलावाकाठचं श्पीत्स आणि पूर्वेला कूर. श्पीत्स हे छोटं गाव, पण बर्न, इंटरलाकेन, ऱ्होनचं खोरं आणि त्स्वाइझिमेन अशा चारी दिशांच्या गाड्या तिथे मिळतात. आभाळ निरभ्र असेल तर उंच डोंगर, ढगाळ असेल तर तलावातली बोट, पाऊस असेल तर बर्नचे कमानीखालचे रस्ते; निर्णय न्याहारीच्या वेळी. इंटरलाकेन ओस्टहून लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डला जाताना मात्र एक लक्षात ठेवावं. ही गाडी एकच निघते आणि त्स्वाइल्युत्शिनेन स्टेशनात तिचे दोन तुकडे होतात. एक भाग एका दरीत, दुसरा दुसऱ्या. फलाटावरची पाटी वाचून आपल्या गावच्या डब्यात बसावं. कूरहून बर्निना तर आहेच, पण तिरानोपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतणं म्हणजे आठ-नऊ तासांची बैठक. त्यापेक्षा जिथे मोटाररस्ता पोचत नाही त्या २,०९१ मीटरवरच्या आल्प ग्र्युम स्टेशनात उतरावं, समोरची पालू हिमनदी पाहावी आणि परत फिरावं. दुसऱ्या दिवशी दिसेंतिसकडची साधी गाडी घ्यावी. ती ऱ्हाइनच्या घळीतून जाते. हजारो वर्षांपूर्वी डोंगराचा कडा कोसळून नदी अडली आणि तिने त्या पांढऱ्या मलब्यातून वाट कोरली. घळीच्या तळातून नदीकाठाने रूळच जातो, हमरस्ता वरून. ग्लेशियर एक्सप्रेसच्या आठ तासांतला सर्वांत देखणा तास कुठला असं विचारलं तर मी हाच म्हणेन.

यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. आईवडील सत्तरीचे, गुडघे दुखणारे. त्यांना दोनदा गाडी बदलायला लावण्यापेक्षा आरक्षित खुर्ची बरी नाही का? बरीच आहे. त्यांच्यासाठी बर्निना एक्सप्रेस जरूर घ्यावी. ग्लेशियर एक्सप्रेसच हवी असेल तर कूर ते सेंट मॉरिट्झ किंवा कूर ते आंडरमाट एवढाच टप्पा घ्यावा. आठ तास काचेआड बसणं धडधाकट माणसालाही कंटाळवाणं होतं. दुसरा आक्षेप पैशांचा: आधी काढलेली तिकिटं स्वस्त पडतात. खरं आहे, पण सर्वांत स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. त्यापेक्षा आगाऊ घेतलेला एक दिवसाचा सवलत पास बरा. तो दिवसाला बांधलेला असतो, गाडीला नाही. दोन मुक्काम आणि भरपूर शिखरं असा बेत असेल तर महिनाभराचं अर्ध्या भाड्याचं कार्ड पुष्कळदा स्विस ट्रॅव्हल पासला मागे टाकतं, कारण युंगफ्राऊयोखसारख्या ठिकाणी पासावर पाव सवलत आणि कार्डावर अर्धी. उलट रोज लांब फिरायचं, रिगीसारख्या पासात समाविष्ट डोंगरावर जायचं, तर पास स्वस्त. सोळा वर्षांखालची मुलं आईवडिलांबरोबर असतील तर मोफत कुटुंब-कार्ड न विसरता मागून घ्यावं. तिसरा आक्षेप व्हिसाचा: शेंगेन व्हिसाला प्रवासाचा आराखडा आणि हॉटेलांची आरक्षणं दाखवावी लागतात. दोन हॉटेलांची आरक्षणं सहा हॉटेलांपेक्षा दाखवायला सोपी. आणि कोणत्या दिवशी कोणता डोंगर, हे बदललं तर कुणी विचारत नाही. राहता राहिलं ते ‘एकदाच जातोय, सगळं बघून घेऊ’. या हिशेबात मुक्काम हलवण्याचे दिवस धरलेले नसतात. हॉटेल सोडणं, बॅगा ओढणं, नव्या गावात खोली मिळेपर्यंत थांबणं यात प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो, आणि सहा मुक्कामांत तो निदान अडीच दिवस होतो.

आपल्या सुट्ट्या मे महिन्यात येतात, म्हणून शेवटी त्याविषयी. मेमध्ये उंचावरच्या पायवाटा बर्फाखाली असतात, बऱ्याचशा रोपवे वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असतात आणि फुर्का, ग्रिमझेलसारख्या खिंडींतले रस्ते सहसा महिनाअखेरीपर्यंत किंवा जूनपर्यंत उघडत नाहीत. त्या बदल्यात बर्फ वितळत असल्याने लाउटरब्रुनेन दरीतले धबधबे भरून कोसळत असतात. श्टाउबबाख तर जवळजवळ तीनशे मीटरवरून. गाड्या मात्र ठेक्याप्रमाणे चालूच असतात. त्यांचं नवं वेळापत्रक दर वर्षी डिसेंबरच्या मध्याला लागू होतं, तेव्हा मेच्या प्रवासाचा आराखडा त्यानंतर मांडावा, आणि कोणती रोपवे कोणत्या तारखांना बंद आहे हे तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहूनच मुक्कामाचं गाव ठरवावं.