प्राचीन तुर्की क्रियापदातील परस्परभाव

तुर्फान परिसरातून १९०२ ते १९१४ या काळात जर्मन संशोधकांनी जी हस्तलिखिते नेली, त्यांत उइगुर तुर्की भाषेतील बौद्ध ग्रंथ विपुल आहेत. ‘मैत्रिसिमित’ तुखारीतून उतरला, ‘सुवर्णप्रभास’ चिनीतून. पालीच्या अभ्यासकाने या भाषेकडे का वळावे? चुल्लवग्गात ‘सकाय निरुत्तिया’ बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा आहे. बुद्धघोष तिचा अर्थ मागधी भाषा असा करतात. आम्हांस तो पटत नाही. ज्याची त्याची भाषा हा अर्थ घेतला, तर त्या भाषेची घडणही धम्माच्या अभ्यासात येते.

परस्परभाव दाखविण्यासाठी पालीत ‘अञ्ञमञ्ञं’ हा स्वतंत्र शब्द लागतो. (पट्ठानातील चोवीस प्रत्ययांपैकी सातवा अञ्ञमञ्ञपच्चय सर्वांस ठाऊक आहेच.) मराठीत आपण ‘एकमेकांना’ म्हणतो किंवा ‘मारामारी’सारखे नाम घडवितो. तुर्कीत मात्र हे काम धातूला लागणारा एकटा ‘श्’ करतो. ‘कोर्’ म्हणजे पाहणे, ‘कोरुश्’ म्हणजे एकमेकांस भेटणे. ‘उर्’ म्हणजे मारणे, ‘उरुश्’ म्हणजे लढणे. ‘बिल्’ म्हणजे जाणणे, ‘बिलिश्’ म्हणजे परिचय होणे. मधला स्वर धातूच्या स्वराप्रमाणे बदलतो. आठव्या शतकातील ओर्खोन शिलालेखांत युद्ध करणे या अर्थी ‘सुङुश्’ वारंवार येतो.

पण ‘श्’चा अर्थ केवळ परस्परभाव नव्हे. अकराव्या शतकातील कोशकार महमूद काश्गरी अशा अनेक धातूंचे ‘त्या कामात साहाय्य करणे’ आणि ‘त्या कामात चढाओढ करणे’ असे दोन्ही अर्थ देतो. साहाय्य आणि स्पर्धा एकाच प्रत्ययात! आमच्या मते अनेकांनी मिळून एक क्रिया करणे हा त्यांचा समान गाभा होय. आजच्या किर्गिझमध्ये तर तृतीय पुरुषाचे अनेकवचनही याच प्रत्ययाने दाखवितात.

उगमाचा प्रश्न अवघड आहे. इतर तुर्की भाषांतील ‘श्’च्या जागी चुवाश भाषेत सामान्यतः ‘ल्’ येतो: दगड म्हणजे ‘ताश्’, चुवाशमध्ये ‘चुल’. परंतु ‘उरुश्’च्या चुवाश रूपात ‘ल्’ नसून ऊष्म वर्णच आहे. म्हणून मूळ प्रत्यय ‘ल्च्’ असा जोडवर्ण असावा, असे काही पंडित मानतात व मंगोल भाषेतील ‘ल्चा’ या सहभागदर्शक प्रत्ययाकडे बोट दाखवितात. साम्य नाकारता येत नाही. पण तुर्क आणि मंगोल शतकानुशतके शेजारी राहिले आहेत, आणि दोन भाषांचे एक कूळ केवळ अशा साम्यावरून सिद्ध होत नाही.